हुकूमशहा हटवला, मग पुढे काय? परकीय लष्करी हस्तक्षेप वर्गात शिकवताना



नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या शिकवायला घेतल्या की एक प्रश्न वर्गातून हमखास येतो. "सर, तो हुकूमशहा लोकांना मारत होता ना? मग दुसऱ्या देशाने येऊन त्याला काढलं, तर बिघडलं कुठे?" प्रश्न लहान मुलाचा वाटतो, पण मोठमोठ्या देशांच्या मंत्र्यांनी हाच प्रश्न आपापल्या संसदेत विचारला आहे आणि 'काहीच बिघडत नाही' असं स्वतःच उत्तर देऊन फौजा पाठवल्या आहेत. आता मुलं मोबाइलवर क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ बघतात, त्याखाली आगीचे आणि टाळ्यांचे इमोजी असतात. पाठ्यपुस्तकात मात्र या विषयाला चार-पाच ओळी. म्हणून मधली जागा आपल्यालाच भरावी लागते. ती कशी भरता येईल, यासाठी हा लेख.

आधी शब्द बघू. इंग्रजी बातम्यांमध्ये 'रेजीम चेंज' असं म्हणतात, आपण सत्ताबदल म्हणतो. ऐकायला किती सोपं! जणू जळालेला बल्ब काढायचा आणि नवा लावायचा. पण देशाची सत्ता म्हणजे नुसता खुर्चीवर बसलेला माणूस नव्हे. त्याच्या खाली पोलीस असतात, तलाठी असतो, पाण्याचा पंप चालवणारा असतो, रेशन दुकान असतं, कोर्ट असतं, आणि हो, शाळेचे मास्तरही असतात. सरकार आणि राज्यसंस्था यातला हा फरक आपण नागरिकशास्त्रात व्याख्या म्हणून पाठ करून घेतो. तो खरा कळतो तो इराककडे बघितल्यावर.

सद्दाम हुसेन क्रूर होता, यात शंका नको. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर आपण त्याची बाजू घेतोय असं त्यांना वाटेल. मार्च १९८८ मध्ये हलबजा या कुर्द गावावर विषारी वायू सोडून सुमारे पाच हजार माणसं मारली गेली. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने कुवेत गिळला. आजही अनेक कुर्द सद्दाम गेला याबद्दल समाधान मानतात, आणि ते समाधान खोटं ठरवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

पण २००३ मध्ये युद्धाचं कारण म्हणून जगापुढे मांडलं गेलं ते वेगळंच. इराककडे महासंहारक अस्त्रे आहेत, असं सांगितलं गेलं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत चित्रं, ध्वनिफिती दाखवून तसं मांडलं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्ये तपासणी करत होते, त्यांना आणखी वेळ हवा होता. सुरक्षा परिषदेने युद्धाला वेगळी मंजुरी दिली नाही. तरी २० मार्चला हल्ला झाला. ९ एप्रिलला बगदाद पडलं. १ मे रोजी अध्यक्ष बुश यांनी एका विमानवाहू जहाजावरून मुख्य लढाई संपल्याचं जाहीर केलं. पुढे अमेरिकेनेच नेमलेल्या तपास पथकाने २००४ मध्ये अहवाल दिला, की अशा अस्त्रांचे साठे इराकमध्ये नव्हतेच.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे थांबते: 'अस्त्रं सापडली नाहीत, म्हणून युद्ध चुकीचं.' मला वाटतं, वर्गात इथे थांबू नये. समजा अस्त्रं सापडली असती, तरी मे २००३ मध्ये बगदादमध्ये जे झालं ते तसंच झालं असतं. आणि शिकण्यासारखं खरं तिथे आहे.

इराकचा कारभार बघायला अमेरिकेने पॉल ब्रेमर यांना पाठवलं. आल्याआल्या त्यांनी दोन हुकूम काढले. पहिला हुकूम १६ मे रोजी: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सदस्य सरकारी नोकरीतून बाहेर. दुसरा २३ मे रोजी: इराकचं सैन्य बरखास्त.

पहिल्या हुकुमाचा अर्थ आपल्यासारख्यांनी जरा थांबून समजून घ्यावा. बाथ पक्षाच्या राजवटीत नोकरी टिकवायला, बढती मिळवायला, कधी कधी नुसतं सुखाने जगायलाही पक्षाचा सदस्य व्हावं लागे. त्या चार पायऱ्यांपैकी सगळ्यात खालच्या पायरीवर हजारो शाळामास्तर, मुख्याध्यापक, डॉक्टर होते. त्यातल्या कित्येकांनी कुणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. ते सगळे एका फटक्यात घरी बसले. आपण मतदार याद्या करतो, जनगणनेला दारोदार फिरतो, मतदान केंद्रावर रात्र काढतो; सरकार कुणाचंही असो, कागदावर आपलं नाव असतंच. उद्या कुणी परका अधिकारी येऊन म्हणाला, की या कागदावर ज्यांची सही आहे ते सगळे जुन्या राजवटीचे, तर? (आपल्याकडे मास्तरला कुठल्याही पक्षाचं कार्ड घ्यावं लागत नाही, हा फरक मोठा आहे, तोही मुलांना सांगावा.) पुढे ब्रेमर यांनीच म्हटलं, की या हुकुमाची अंमलबजावणी इराकी राजकारण्यांच्या हाती देणं चुकलं. तोवर शाळांमधली माणसं निघून गेली होती.

दुसरा हुकूम त्याहून महागात पडला. साडेतीन-चार लाख माणसं, हातात बंदूक चालवायचं शिक्षण, घरी बायकापोरं, आणि एका दिवसात पगार बंद. महिन्याभराने त्यांना काही भत्ता देण्याचं जाहीर झालं, पण मानहानी झाली ती झालीच. शस्त्रांची कोठारं तर पहाऱ्याविना उघडी पडलेली. याच सैन्यातले काही अधिकारी पुढे बंडखोरांना जाऊन मिळाले आणि आणखी दहा वर्षांनी इसिस नावाच्या संघटनेच्या वरच्या फळीतही सापडले. हा काही नुसता तर्क नाही, इसिसच्या लष्करी प्रमुखांपैकी अनेक जण सद्दामच्या सैन्यातले होते हे नोंदलेलं आहे.

मधल्या काळात काय काय झालं ते भराभर सांगतो. एप्रिल २००३ मध्येच बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. मेसोपोटेमिया आपण शाळेत शिकवतो ना, त्याच संस्कृतीच्या त्या वस्तू. तेल मंत्रालयाला मात्र पहारा होता. सद्दाम डिसेंबर २००३ मध्ये पकडला गेला, डिसेंबर २००६ मध्ये फासावर गेला. त्याच २००६ साली समारा इथल्या शिया पंथीयांच्या पवित्र मशिदीत स्फोट झाला आणि शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या. २०११ च्या अखेरीस अमेरिकी फौजा परतल्या. जून २०१४ मध्ये मोसुल हे एवढं मोठं शहर इसिसच्या हाती पडलं. एक लाखाहून अधिक इराकी नागरिक हिंसाचारात गेले, अमेरिकेचेही सुमारे साडेचार हजार सैनिक.

मोसुलजवळ तेव्हा बांधकामावर असलेले भारतीय मजूर इसिसने पकडले. त्यातल्या ३९ जणांची घरची माणसं जवळजवळ चार वर्षं वाट बघत राहिली. मार्च २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं, की ते मारले गेले आहेत. 'आपल्याला काय त्याचं' असं एखादा पालक म्हणाला, तर हे आठवावं.

इराकशी आपलं आणखी एक जुनं नातं आहे, ते मराठी वर्गात तरी सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी याच भूमीवर जी फौज पाठवली तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुत इथे ही फौज वेढ्यात अडकली, उपासमार झाली, आणि एप्रिल १९१६ मध्ये तिने शरणागती पत्करली. सातारा-रत्नागिरीकडचे किती जवान तिथून परत आलेच नाहीत. पुढच्या वर्षी, मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतलं. तेव्हा जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढून बगदादकरांना सांगितलं, की आम्ही जिंकायला आलेलो नाही, तुम्हाला सोडवायला आलो आहोत. तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध मोठा उठाव केला. मुलांना १९१७ आणि २००३ ही दोन सालं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. फार बोलावं लागणार नाही.

आता दुसरी शंका. काढला जाणारा प्रत्येक जण हुकूमशहाच असतो का?

इराण, १९५१. मोहम्मद मोसाद्देग पंतप्रधान झाले आणि इराणच्या संसदेने तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. तोवर हे तेल एका ब्रिटिश कंपनीच्या हातात होतं आणि त्या कंपनीत ब्रिटिश सरकारचाच मोठा हिस्सा होता. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला, कोर्टात गेलं, काही जमेना. मग अमेरिकेला गळ घातली. ट्रुमन यांनी नकार दिला होता, नवे अध्यक्ष आयझेनहॉवर तयार झाले. ऑगस्ट १९५३ मध्ये दोन्ही देशांच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून मोसाद्देग यांना हटवलं. पहिला प्रयत्न फसला, शहा तर देश सोडून पळालाही होता. पण काही दिवसांतच पैसे पेरून रस्त्यावर उतरवलेले जमाव आणि फुटलेले लष्करी अधिकारी यांच्या जोरावर १९ ऑगस्टला डाव साधला. मोसाद्देग यांना तीन वर्षं कैद झाली आणि नंतर १९६७ मध्ये मरेपर्यंत ते आपल्या गावच्या घरात नजरकैदेत राहिले. परत आलेल्या शहाने पंचवीस वर्षं राज्य केलं, 'सावाक' नावाच्या गुप्त पोलिसांच्या धाकावर. मग १९७९ ची क्रांती झाली, तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीतले ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले, आणि तेव्हापासून आजतागायत दोन देशांत जे चाललं आहे ते तुम्ही रोज पेपरात वाचता. १९५३ मधला आपला हात अमेरिकी गुप्तहेर खात्याने स्वतःच्या कागदपत्रांतून मान्य केला तो २०१३ मध्ये. साठ वर्षांनी! बातमी आणि इतिहास यांत एवढं अंतर पडू शकतं.

लिबियाचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण तिथे हेतू निदान सुरुवातीला तरी वाईट म्हणता येत नाही. मार्च २०११ मध्ये गद्दाफीची फौज बेंगाझी शहरावर चालून निघाली होती, तिथे कत्तल होईल अशी भीती होती. १७ मार्चला सुरक्षा परिषदेने ठराव केला: नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते उपाय करा, पण परक्या फौजांनी देशाचा ताबा घ्यायचा नाही. भारत तेव्हा परिषदेचा तात्पुरता सदस्य होता. आपण मत दिलं नाही, तटस्थ राहिलो. रशिया, चीन, ब्राझील आणि जर्मनीही तटस्थ राहिले. ठरावात गद्दाफीला हटवण्याचा शब्दही नव्हता. पण बेंगाझी वाचल्यानंतरही बॉम्बहल्ले महिनोन्महिने चालूच राहिले. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला, त्याच महिन्याअखेर नाटोने मोहीम संपवली आणि सगळे घरी गेले. मागे राहिल्या टोळ्या आणि उघडी शस्त्रकोठारं. ती शस्त्रं वाळवंट ओलांडून मालीपर्यंत पोहोचली. २०१४ पासून लिबियात दोन-दोन सरकारं. नंतरच्या दिवसाची तयारी न करणं ही आपल्या कारकिर्दीतली बहुधा सर्वांत मोठी चूक, असं ओबामा यांनी २०१६ मध्ये स्वतःच सांगितलं.

आणि याचा एक दूरचा परिणाम फारसा कुणी सांगत नाही. गद्दाफीने २००३ च्या शेवटी आपला अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडून दिला होता. उत्तर कोरियाने २०११ मध्ये जाहीरपणे म्हटलं, बघा, शस्त्रं सोडणाऱ्याचं काय होतं. म्हणजे एक हुकूमशहा गेला आणि दुसऱ्याने आपली अस्त्रं आणखी घट्ट धरली.

इथपर्यंत ऐकल्यावर वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी हात वर करणारच: "मग १९७१ मध्ये आपण काय केलं?"

या प्रश्नाला बगल देऊ नका. उलट हा प्रश्न कुणी विचारला नाही तर आपणच विचारावा. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराने कत्तली केल्या, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झालं आणि बांगलादेश जन्मला. संयुक्त राष्ट्रांत तेव्हाही बहुसंख्य देशांनी युद्ध थांबवण्याच्या बाजूने मत दिलं होतं. मग तो हस्तक्षेप बरोबर आणि इराकचा चूक, हे कशावरून? 'तो आपण केला म्हणून' हे उत्तर चालणार नाही.

मला फरक दिसतो तो असा. बांगलादेशात राज्य कुणी करायचं हे तिथल्या लोकांनी आधीच ठरवलं होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या होत्या. लढणारी मुक्तिवाहिनी त्यांचीच होती. भारताला तिथे कुणी ब्रेमर बसवावा लागला नाही. आणि मार्च १९७२ पर्यंत आपलं सैन्य परत आलंसुद्धा. निर्वासितांचा भार आपल्यावर होता, आणि पाकिस्तान कमकुवत होण्यात आपलं हितही होतं, ते नाकारायचं कारण नाही. हित होतं म्हणून काम वाईट ठरत नाही, तसंच चांगला हेतू सांगितला म्हणून काम चांगलंही ठरत नाही.

१९७९ मध्ये टांझानियाने युगांडात घुसून इदी अमीनला पळवलं, त्याच वर्षी व्हिएतनामने कंबोडियातली पोल पॉटची राजवट मोडली. दोन्ही ठिकाणी भयंकर राजवटी संपल्या. पण युगांडात पुढे कित्येक वर्षं यादवी चालली आणि व्हिएतनामचं सैन्य दहा वर्षं कंबोडियात अडकलं. आणि उलट बाजूला १९९४ चं रवांडा आहे. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, संयुक्त राष्ट्रांची तुकडी तिथे असताना ती वाढवायचं सोडून कमी केली गेली. ज्याला रवांडा माहीत आहे तो 'हस्तक्षेप कधीच नको' असं छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मीही म्हणत नाही. कत्तल थांबवायला मध्ये पडणं आणि कुणाचं सरकार असावं हे ठरवायला मध्ये पडणं, ही दोन कामं वेगळी आहेत. लिबियात पहिल्या कामासाठी परवानगी घेतली आणि दुसरं केलं, घोटाळा तिथे झाला.

काही जण म्हणतात, जर्मनी आणि जपान बघा की, बाहेरच्यांनी येऊन लोकशाही उभी केली. खरं आहे. पण जपानमध्ये सम्राट जागेवर ठेवला, नोकरशाही बरीचशी तशीच चालू ठेवली, वर्षानुवर्षं पैसा ओतला. बगदादमध्ये नेमकं उलट झालं.

आणि आपल्याच अनुभवातलं श्रीलंकेचं पान मुलांना क्वचितच कुणी वाचून दाखवतं. जुलै १९८७ च्या करारानुसार भारताची शांतिसेना तिथल्या सरकारच्या संमतीने गेली. तमिळांचं रक्षण आणि शांतता, एवढाच हेतू. ऑक्टोबरपर्यंत ती तमिळ वाघांशीच लढत होती. मार्च १९९० मध्ये परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान आपण गमावले होते, आणि त्या बेटावर सिंहली व तमिळ या दोघांचाही राग ओढवून घेतला होता. पुढच्याच वर्षी राजीव गांधींची हत्या झाली. निमंत्रण असूनही हे झालं, तर निमंत्रण नसताना काय होत असेल?

वर्गात हे कसं घ्यायचं? वादविवाद स्पर्धा लावू नका, असं माझं स्पष्ट मत. बाजू वाटून दिल्या की मुलं जिंकायला बोलतात, समजून घ्यायला नाही. त्यापेक्षा एखादी ताजी बातमी घ्या आणि गटागटाने तिला प्रश्न विचारायला लावा. हल्ल्याचं कारण कोण सांगतंय आणि ते दुसऱ्या कुणी तपासलं आहे का? हटवल्यावर राज्य कोण करणार, आणि त्याला तिथल्या लोकांनी कधी मत दिलं होतं का? पोलीस, रेशन, पाणी, शाळा दुसऱ्या दिवशी कोण चालवणार? फौजा परत कधी जाणार, हे कुणी सांगितलं आहे का? हेच चार प्रश्न इराक २००३ ला आणि बांगलादेश १९७१ ला लावून बघा. मुलं स्वतःच फरक काढतात, आणि काही वेळा आपल्यालाही न सुचलेला काढतात.

पालकांसाठी एक वेगळी सूचना. घरात टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू असतील, तर मुलांचं लक्ष शब्दांकडे वळवा. एकच घटना एका वाहिनीवर 'मुक्ती' असते, दुसरीवर 'आक्रमण', तिसरीवर 'कारवाई'. शब्दांना किती वजन असतं याचं उदाहरण आपल्याच संसदेत आहे. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराक युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला. त्यात कुठला शब्द घालायचा यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी हिंदी मसुद्यात 'निंदा' आला आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द. दोन्ही बाजूंना आपापला शब्द मिळाला! त्यानंतर अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितलं. डिव्हिजनभर जवान पाठवण्याची चर्चा दिल्लीत काही आठवडे गंभीरपणे चालली, बाजूने बोलणारेही कमी नव्हते. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने नकार कळवला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. कुतच्या वेढ्यानंतर नव्वद वर्षांच्या आत आपल्याकडची पोरं पुन्हा त्याच नदीकाठी पहारा द्यायला जाणार होती, ती गेली नाहीत.